कोलंबस येण्याआधीची अमेरिका आणि तेव्हाचा युरोप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमध्ये, वाचनालयांत या विषयावर बोलायला गेलं की तेच तेच प्रश्न येतात, आणि तेही शेवटच्या पाच मिनिटांत, चहाचा ट्रे दारात येऊन थांबलेला असताना. घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून ती उत्तरं इथे सावकाश लिहून काढली आहेत. क्रम विचारणाऱ्यांचा आहे, इतिहासाचा नाही.

माया, ॲझ्टेक आणि इंका एकाच काळातले ना?

नाही. तिकाल, पालेंके, कोपान ही मायांची गाजलेली शहरं भरभराटीला आली ती साधारण इ.स. २५० ते ९०० या काळात, आजच्या ग्वाटेमाला, होंडुरास आणि दक्षिण मेक्सिकोत. ॲझ्टेकांनी (ते स्वतःला मेशिका म्हणत) तेनोच्तित्लान ही राजधानी (आजच्या मेक्सिको शहराच्या जागी) वसवली ती १३२५ मध्ये, आणि खरं बळ आलं ते १४२८ मध्ये तीन नगरांची युती झाल्यावर. इंकांचं राज्य आजच्या पेरूतल्या कुस्को खोऱ्याबाहेर पसरलं ते पाचाकुती गादीवर आल्यावर, म्हणजे १४३८ च्या सुमारास. कोलंबस निघाला तेव्हा इंका साम्राज्य जेमतेम पन्नाशीचं होतं.

ही तिन्ही नावं एका दमात घेणं म्हणजे राष्ट्रकूट आणि पेशवे एका पंगतीला बसवण्यासारखं आहे. शिवाय तेनोच्तित्लान आणि कुस्को यांच्यात चार हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. दोघांना एकमेकांची खबर असल्याचा पुरावा नाही.

मग तिथलं सगळ्यात जुनं शहर कोणतं?

आज तरी पेरूमधल्या सुपे नदीच्या खोऱ्यातलं काराल हे नाव घ्यावं लागतं. इ.स.पू. २६०० च्या आसपासचं, म्हणजे इजिप्तचे मोठे पिरॅमिड आणि आपलं मोहेंजोदडो यांच्या वेळचं. रूथ शेडी या पेरूच्या पुरातत्त्वज्ञ बाईंनी ते उकरून जगापुढे आणलं.

इथल्या लोकांना मातीची भांडी माहीत नव्हती. खापराचा एक तुकडा न मिळता एवढी मोठी वस्ती मिळावी याचं उत्खननवाल्यांना सुरुवातीला कोडंच पडलं. शेतात कापूस पिकवायचा, त्याची जाळी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना द्यायची, आणि बदल्यात सुकी मासळी घ्यायची, असा इथला व्यवहार दिसतो. चौथरे बांधताना लव्हाळ्याच्या विणलेल्या पिशव्यांत दगड भरून त्या पिशव्याच भरावात रचून ठेवत. लव्हाळं वर्ष-दोन वर्षांत कापलं जातं, म्हणून त्याच्या कार्बन चाचणीतून बांधकामाचं वय नेमकं कळलं. पेलिकन पक्ष्याच्या हाडांच्या बत्तीस बासऱ्याही एका ठिकाणी मिळाल्या.

मेक्सिकोत सुरुवातीचा मान ओल्मेकांकडे जातो. सान लोरेन्सो, ला वेंता वगैरे ठिकाणचे त्यांचे दगडी मुखवटे, खरं तर अख्खी डोकीच, आजवर १७ सापडली आहेत आणि त्यांतलं सगळ्यात मोठं तीन मीटरांहून उंच आहे.

साधं चाक माहीत नव्हतं, मग प्रगत कसे म्हणायचे?

हा प्रश्न नेहमी जरा विजयी सुरात येतो. चाक माहीत होतं. मेक्सिकोच्या आखाताकडच्या वेराक्रुझ भागात मातीची खेळणी मिळाली आहेत: कुत्रा किंवा तसाच एखादा प्राणी, पायांतून आडवी काडी आणि चार चाकं. पोरं ती दोरी बांधून ओढत असतील.

गाडी झाली नाही, कारण गाडी ओढणार कोण? तिथे बैल नव्हता, गाढव नव्हतं. घोडा होता, पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच नामशेष झाला. उरलं काय, तर कुत्रा, टर्की, गिनीपिग, आणि दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतांत उंटाच्या कुळातला लामा. लामाच्या पाठीवर पंचवीस-तीस किलो ओझं जातं. त्याहून जास्त लादलं तर तो सरळ बसकण मारतो. बैल नसलेल्या गावात बैलगाडीचा कारखाना कोणी काढला असता, तर आपण त्याला हुशार म्हटलं नसतं.

इंकांनी रस्ते केले ते माणसाच्या आणि लामाच्या पायांसाठी. तीस हजार किलोमीटरांहून लांब जाळं: डोंगरात पायऱ्या, दऱ्यांवर गवती दोरखंडांचे पूल, ठरावीक अंतरावर कोठारं. 'चास्की' नावाचे जासूद धावत निरोप नेत आणि पुढच्या चौकीवरच्या गड्याच्या कानात सांगत. याच डाकेने दिवसाला सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर निरोप जात असे, असं सांगतात. चाकाची गाडी त्या पायऱ्यांवरून खडखडत खालीच आली असती.

लोखंडाचंही तसंच. ते नव्हतं, पण तांबं, सोनं, चांदी आणि अँडीजमध्ये कांसं होतं. कुस्कोत दगडावर दगड चुन्याशिवाय असे बसवले आहेत की फटीत सुरीचं पातं जात नाही. १९५० च्या भूकंपात तिथलं स्पॅनिश चर्च आणि मठ ढासळले, आणि ज्या इंका भिंतींवर ते उभे होते त्या भिंती मात्र जागच्या जागी राहिल्या.

त्यांना लिहिता येत होतं का?

मायांना पूर्णपणे येत होतं. त्यांची लिपी चित्रासारखी दिसते, पण ती अक्षरखुणा आणि शब्दखुणा मिळून बनलेली खरी लिपी आहे. जे बोललं ते लिहिता येई. ती लागत कशी नाही यावर पिढ्या गेल्या. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव या सोव्हिएत संशोधकाने, मायांच्या प्रदेशात पाऊलही न टाकता, तिची किल्ली दाखवली. अंजिराच्या साली कुटून केलेल्या कागदावर त्यांच्या घड्या घातलेल्या पोथ्या असत. त्यांतल्या चारच उरल्या. १५६२ मध्ये मानी या गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने सापडतील त्या पोथ्या जाळल्या. गंमत म्हणा की दुर्दैव, क्नोरोझोवला किल्ली सापडली ती याच लांदाने करून ठेवलेल्या टिपणांत.

आता शून्याबद्दल, कारण आपल्याकडे हा विषय जिव्हाळ्याचा. माया वीसच्या पटीत मोजत. एक टिंब म्हणजे एक, एक आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शिंपल्यासारखी खूण म्हणजे शून्य. एकोणीस लिहायचे तर तीन रेघांवर चार टिंबं. वीस लिहायचे तर खाली शिंपला आणि वरच्या घरात एक टिंब. म्हणजे स्थानमूल्य आलंच. दिवस मोजण्याची ही स्थानमूल्याची रीत तिथल्या शिलालेखांत इ.स.पू. पहिल्या शतकापासून दिसते. भारतातल्या शून्याशी तिचा संबंध नाही. दोन ठिकाणी, दोन वेगळ्या लोकांना, एकच गोष्ट सुचली. यात आपलं काही कमी होत नाही.

इंकांकडे लिपी नव्हती, 'किपू' होते. एका जाड दोरीला लोंबणाऱ्या बारीक दोऱ्या, आणि त्यांवर दशमान पद्धतीने मारलेल्या गाठी. एकं, दहं, शतं यांच्या गाठी दोरीवर वेगवेगळ्या उंचीवर. शून्य असेल तिथे जागा मोकळी. कोठारात धान्य किती, कोणत्या गावाने किती दिवस वेठ केली, हे सगळं त्यांत. आकडे आपल्याला वाचता येतात. त्यांत कथा, वंशावळी होत्या का, यावर अजून काम चालू आहे.

२०१२ मध्ये जग बुडणार असं माया म्हणाले होते ना?

नाही. त्यांची दिवस मोजण्याची दीर्घ गणना इ.स.पू. ३११४ पासून चालू होती आणि २१ डिसेंबर २०१२ ला तिचा एक मोठा टप्पा पुरा झाला. रिक्षाचा मीटर ९९९ वरून पुढे गेला की रिक्षा फुटत नाही. पालेंकेच्या एका शिलालेखात तर इ.स. ४७७२ मधली तारीख आहे. जग बुडणार असतं तर तेवढी पुढची तारीख कशाला कोरली असती?

त्याच वेळी युरोपात काय चाललं होतं?

यावर दोन टोकाची उत्तरं मिळतात: 'तिथे अंधारयुग होतं' आणि 'तिथे सगळं ज्ञान होतं'. दोन्ही सोडा.

दहाव्या शतकात, मायांची दक्षिणेकडची शहरं ओस पडत होती तेव्हा, पश्चिम युरोपातलं सगळ्यात मोठं आणि शहाणं शहर होतं स्पेनमधलं, अरबी अंमलाखालचं कोर्दोबा. बाराव्या शतकात स्पेनच्याच तोलेदोला अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं होत होती. बोलोन्याचं विद्यापीठ १०८८ चं मानतात. १२०२ मध्ये पिसाच्या फिबोनाचीने आपल्या हिशेबाच्या ग्रंथात युरोपला 'भारतीयांचे नऊ आकडे' आणि शून्य शिकवलं. हे आकडे तो उत्तर आफ्रिकेत, वडिलांच्या व्यापाराच्या गावी शिकला होता. पण १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हे आकडे हिशेबाच्या वह्यांत वापरायला बंदी केली. रकमेत सहज खाडाखोड करता येते म्हणून. माया पंतोजींनी शून्याची खूण काढून तेव्हा कित्येक शतकं उलटली होती, आणि फ्लॉरेन्समध्ये शून्याला दाराबाहेर उभं केलं होतं.

मग चौदावं शतक आलं, आणि त्याने युरोपला झोडपून काढलं. १३१५ ते १३१७ महादुष्काळ. १३३७ पासून इंग्लंड-फ्रान्सचं शंभर वर्षांचं युद्ध. १३४७ च्या ऑक्टोबरात सिसिलीतल्या मेसिना बंदराला काळ्या समुद्राकडून आलेली गलबतं लागली आणि त्यांतून प्लेग उतरला. चार-पाच वर्षांत युरोपची एक तृतीयांश ते निम्मी माणसं गेली. मेशिका लोक सरोवरातल्या बेटावर आपली राजधानी रचत होते ती नेमकी हीच वर्षं.

जे जगले त्यांच्या मजुरीचा भाव चढला. १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गने बायबल छापलं. १४१५ मध्ये पोर्तुगालने उत्तर आफ्रिकेतलं सेउता बंदर घेतलं आणि पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्याने एकेक भूशिर ओलांडत पोर्तुगीज दर्यावर्दी दियाश १४८८ मध्ये टोकाला वळसा घालून आला. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं म्हणून मिरीचा रस्ता बंद झाला आणि म्हणून शोधमोहिमा निघाल्या, हे पाठ्यपुस्तकी वाक्य मला कधीच पटलं नाही. व्हेनिसवाले त्यानंतरही अलेक्झांड्रियाहून मिरी आणतच होते. पोर्तुगीजांना दलाल टाळायचे होते आणि आफ्रिकेचं सोनं हवं होतं. शिवाय सेउता तर १४५३ च्या अडतीस वर्षं आधीचं.

युरोपची शहरं मोठी की तिथली?

काळ आणि ठिकाण पाहून बोलावं. तिओतिवाकान हे मेक्सिकोतलं शहर पाचव्या शतकात लाखावर वस्तीचं होतं. तेव्हा रोमचं साम्राज्य पश्चिमेत कोसळत होतं. आजच्या अमेरिकेत, सेंट लुइसजवळ, काहोकिया नावाचं मातीच्या टेकाडांचं शहर होतं. ११०० च्या सुमारास तिथे दहा ते वीस हजार लोक राहत, म्हणजे तेव्हाच्या लंडनच्या तोडीचं.

तेनोच्तित्लानची वस्ती दोन लाखांच्या आसपास धरतात. १५१९ मध्ये तिथे शिरलेला, स्पॅनिश सेनानी कोर्तेसचा शिपाई बेर्नाल दियास लिहितो की कॉन्स्टँटिनोपल आणि रोम पाहिलेले आमच्यातले लोकही म्हणाले, असा बाजार कुठे पाहिला नाही. शहर तळ्यात. गोडं पाणी चापुल्तेपेकच्या झऱ्यांवरून बांधीव पाटाने यायचं, आणि पाट दुहेरी: एक साफ करायला काढला की दुसरा चालू. खारं पाणी गोड्यात मिसळू नये म्हणून शेजारच्या तेश्कोको नगराचा राजा नेसावालकोयोत्ल याने तळ्यात लांब बांध घातला होता.

अन्न यायचं 'चिनाम्पां'मधून. त्यांना तरंगती शेतं म्हणतात, पण ती तरंगत नाहीत. उथळ पाण्यात खुंट ठोकून काटक्यांची चौकट विणायची, तळाचा गाळ उपसून आत भरायचा, आणि कडा धरून ठेवायला विलोची झाडं लावायची. खत म्हणून पुन्हा गाळच, आणि शहरातला मैला, जो होड्यांतून गोळा होई. वर्षात अनेक पिकं निघत. त्याच काळात पॅरिसमध्ये मैला रस्त्यावर फेकला जाई. शोचिमिल्कोला अशी काही शेतं आजही आहेत.

युरोपियनांना पृथ्वी सपाट वाटायची, हे खरं का?

नाही. शिकलेल्या माणसाला ती गोल आहे हे ठाऊक होतं. तेराव्या शतकापासून विद्यापीठांत तेच शिकवत. कोलंबसाला पंडितांनी विरोध केला तो अंतरावरून. कॅनरी बेटांपासून जपान पाच हजार किलोमीटरांच्या आत आहे असं त्याचं गणित होतं. खरं अंतर एकोणीस हजारांच्या वर. पंडित बरोबर होते. वाटेत एक खंड आडवा आला म्हणून तो वाचला.

कोलंबसच्या आधी कोणीच गेलं नव्हतं?

गेलं होतं. ग्रीनलँडला ९८५ च्या सुमारास वसलेले नॉर्स (व्हायकिंग) लोक तिथून पुढे कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपर्यंत पोचले. १९६० मध्ये हेल्गे आणि आने स्टीने इंगस्टाड या नॉर्वेच्या जोडप्याला लांस ओ मेडोज इथे त्यांची वस्ती सापडली. तिचं वय ठरलं ते फार सुरेख रीतीने. ९९३ मध्ये एक मोठं सौरवादळ झालं होतं आणि त्याची खूण जगभरच्या झाडांच्या त्या वर्षीच्या वलयात उतरली आहे. वस्तीत मिळालेल्या, लोखंडी हत्याराने तोडलेल्या लाकडांत ते वलय सापडलं, आणि तिथून सालीपर्यंत अठ्ठावीस वलयं मोजली. झाड तोडलं ते १०२१ मध्ये. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं, बरोबर हजार वर्षांनी. पण ती वस्ती टिकली नाही आणि युरोपने त्यातून काही शिकलंही नाही.

दुसऱ्या बाजूने पॉलिनेशियाचे दर्यावर्दी. रताळं मूळचं अमेरिकेचं, पण ते कोलंबसच्या आधीच पॅसिफिक बेटांवर पोचलेलं होतं. डीएनएचा अभ्यासही १२०० च्या आसपास तिथल्या आणि अमेरिकेतल्या लोकांचा संबंध आल्याचं दाखवतो.

माया म्हणजे आपला मय दानव, असं वाचलं...

नावातलं साम्य आहे, बाकी काही नाही. भाषा वेगळी, पिकं वेगळी, रोग वेगळे. संबंध असता तर भात, गहू, गाय, लोखंड यांतलं काहीतरी तिकडे पोचलं असतं. काहीही पोचलं नव्हतं.

नरबळी देत होते की नाही?

देत होते. मेक्सिको शहरात २०१५ पासून कवट्यांचा मनोरा उकरला गेला आहे, आणि त्यात बायका-मुलांच्याही कवट्या आहेत. १४८७ च्या एका सोहळ्यात ८०,४०० बळी दिल्याचा आकडा एका स्पॅनिश बखरीत येतो. तो मात्र अभ्यासक फुगवलेला मानतात. युरोपातही पाखंड्यांना जाळत होते, हे सांगून हा विषय झाकावा असं मला वाटत नाही. ज्यांची माणसं बळी जात त्या शेजाऱ्यांच्या मनात काय साचलं असेल ते पुढच्या उत्तरात आहेच.

मग मूठभर स्पॅनिश जिंकले कसे?

ते मूठभर नव्हते. कोर्तेसबरोबर त्लाश्कालाचे हजारो योद्धे होते, मेशिकांवर दात धरून असलेले. १५२० मध्ये देवीची साथ आली आणि नवा राजा क्वित्लावाक तिने गेला. इंकांच्या राज्यात वास्कार आणि आतावाल्पा या भावांचं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. १५३२ मध्ये पिसारो १६८ माणसं घेऊन आला तो त्या फटीतून.

याचा आपल्याशी काय संबंध?

एका व्याख्यानानंतर एका आजींनी हाच प्रश्न केला. त्या दिवशी एकादशी होती. मी विचारलं, सकाळी काय खाल्लंत? साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा आपल्याकडे कसाव्याच्या कंदाचा. कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीजचा, मिरची मेक्सिकोकडची. रताळं तिथलंच. आणि राजगिरा? तोही. आजी थोड्या नाराज झाल्या. वरी आणि शिंगाडा आपले आहेत, असं सांगून मी सुटका करून घेतली.

राजगिऱ्याची गोष्ट खास आहे. मेशिका त्याला 'वाउत्ली' म्हणत आणि खंडणीत पोत्यांनी घेत. सणाला राजगिऱ्याचं पीठ मध किंवा घायपाताच्या काकवीत मळून वित्सिलोपोच्त्ली या देवाची मूर्ती करत आणि ती फोडून प्रसाद म्हणून खात. पाद्र्यांना यात आपल्याच प्रसादाची थट्टा दिसली आणि त्यांनी ते बंद पाडलं. तरी मेक्सिकोच्या रस्त्यावर आज 'आलेग्रिया' नावाची वडी मिळते: लाह्या फुटलेला राजगिरा गुळाच्या पाकात थापलेला. आपल्या चिक्कीशेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही.

१५१० मध्ये गोवा घेतलेल्या पोर्तुगीजांच्या जहाजांतून यातलं बरंच आलं. बटाटा हा शब्दही त्यांचाच. काजू, अननस, पपई, सीताफळही तिकडचं. पेरू फळही तिकडचंच, पण नावाचा पेरू देशाशी संबंध नाही. ते पोर्तुगीज 'पेरा' म्हणजे नाशपातीवरून आलं. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडूसुद्धा मेक्सिकोचा. तिथे तो पितरांच्या सणाला वाहतात.

हे लोक आता उरलेत का?

मायांच्या तीसच्या आसपास भाषा लाखो लोक घरात बोलतात. इंकांची केचुआ तर त्याहून जास्त.

पेरूत अपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताचा पूल आहे, सुमारे अठ्ठावीस मीटर लांब. दर जूनमध्ये आसपासच्या चार गावांचे लोक जमतात. प्रत्येक घराने इचू गवत वळून केलेली दोरी आणायची, हा ठरलेला वाटा. बायका बारीक दोऱ्या वळतात, पुरुष त्या पिळून मांडीएवढे जाड दोरखंड करतात. जुना पूल तोडून नदीत सोडून देतात आणि तीन दिवसांत नवा उभा करतात. शेजारी लोखंडी पूल आहे. गाड्या त्यावरून जातात.